अकरावे लॉर्ड आणि माळ्याचं घर

लॉर्डसाहेब रोज सकाळी जिना उतरायचे ते पूर्वजांची हजेरी घेतच. गुडघे गेलेले, म्हणून कठड्यालगत विजेवर सरकणारी खुर्ची बसवलेली. मी पट्टा बांधायचे, त्यांची मुलगी हेलनबाई बटण दाबायच्या, आणि खुर्ची कुरकुरत भिंतीवरच्या तसबिरींसमोरून खाली निघायची. "तिसरे. दारुडे. चौथे. दारुडे आणि जुगारी. पाचवे देवमाणूस, म्हणून लवकर गेले." स्वतः ते अकरावे. मधे एका बाईची तसबीर होती, तिथे ते गप्प असायचे. मी एकदा विचारलं. "ती? सहाव्यांची बायको. वरचं छप्पर तिच्या माहेरच्या पैशातून झालं," म्हणाले, आणि खुर्ची पुढे सरकली.

माझी शाळा आठवीत सुटली. नवरा लीड्सच्या हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलतो. आमच्या घरमालकानं घर विकायला काढलं तेव्हा रस्त्यावर यायची वेळ आली होती. मी लॉर्डसाहेबांकडे नुकतीच कामाला लागले होते. त्यांनी तबेल्यावरच्या दोन खोल्या उघडून दिल्या. "घोडे गेले, माणसं तरी राहू देत." माझं 'सुमन' हे नाव नीट म्हणता यावं म्हणून त्यांनी आरशासमोर सराव केला होता. एवढा मोठा माणूस! हे मी विसरणार नाही.

पार्लमेंटातली त्यांची पिढीजात जागा कायद्यानं केव्हाच गेली होती. उरला होता तो किताब, आणि किताबाला बांधलेलं घर. दोन्ही फक्त पुरुषाला मिळणार. मुलगा नव्हता, म्हणून बारावे लॉर्ड होणार होते कॅनडातले एक लांबचे पुतणे. ते तिकडे अंगणात ठेवायचे गरम पाण्याचे हौद विकत. लॉर्डसाहेबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तरी "आमचा मुलगा" म्हणायचे. तो मुलगा पन्नाशीचा होता.

हेलनबाई लंडनची मास्तरकी सोडून बापासाठी आलेल्या. त्यांना मोठं घर नकोच होतं. बागेच्या टोकाला माळ्याचं घर रिकामं पडलं होतं, आणि ते कुणाला द्यायचं हे लॉर्डसाहेबांच्या हातात होतं. एके सकाळी बापाला लापशी भरवता भरवता हेलनबाईंनी विचारलं, "पपा, तेवढं माझ्या नावावर करा. तुमच्यामागे मी कुठे जाऊ?"

"तू लग्न केलं असतंस तर हा प्रश्नच आला नसता."

"मी साठीला आलेय, पपा."

"म्हणून तर म्हणतो. आज माळ्याचं घर, उद्या तळं. इस्टेट अखंड राहिली पाहिजे." मग माझ्याकडे वळले. "सुमन, तुमच्याकडे कसं असतं?"

मी सांगितलं, आमच्याकडे आता मुलींनाही हिस्सा आहे, पण बहिणी हक्कसोड लिहून देतात. मीही भावाला सही देऊन आले.

"शाबास! जगात कुठेतरी अक्कल शिल्लक आहे."

हेलनबाईंनी चमचा खाली ठेवला. "बदल्यात काय मिळालं गं?"

"साडी."

"म्हणजे माझ्यापेक्षा एक साडी जास्त."

लॉर्डसाहेब खो खो हसले. आम्ही दोघी हसलो नाही.

पुढे श्वास लागायला लागला तसा त्यांनी वकिलाला बोलावलं. हेलनबाईंनी त्या दिवशी ठेवणीतला निळा स्वेटर घातला. चहा स्वतः नेला. दार बराच वेळ बंद होतं. वकील निघाले ते थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, तबेल्यावरच्या खोल्यांचा लांब मुदतीचा भाडेकरार झालाय. पुढे मालक कुणीही येवो, मुदतीपर्यंत तुम्हाला कुणी हलवू शकत नाही. मला रडू आलं. मग माळ्याच्या घराचं काय, म्हणून हेलनबाईंनीच विचारलं. वकिलांनी टोपी हातात फिरवली. "त्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, मॅडम."

लॉर्डसाहेब त्याच महिन्यात गेले. शेवटपर्यंत त्यांचं तोंड पुसलं ते हेलनबाईंनीच. चर्चमध्ये पुतणे पहिल्या बाकावर बसले, गावकरी त्यांना वाकून 'माय लॉर्ड' म्हणाले. माणूस वाईट नव्हता, भांबावलेला होता. पण हेलनबाईंना "सवडीनं आवरा" म्हणाला, आणि हॉटेलवाले घर बघून गेले.

निघताना त्या एक सुटकेस आणि एक कापडी पिशवी घेऊन माझ्या दाराशी आल्या. लीड्सला एक खोली भाड्यानं घेतली होती. मी म्हटलं, "बाई, त्यांनी मला दिलं आणि तुम्हाला... मला समजत नाही."

"सोपं आहे, सुमन. तू भाडेकरू. भाडेकरूला दिलं तरी घर घराण्याचंच राहतं. मुलीला दिलं की मुलीचं होतं."

आम्ही अजून त्याच खोल्यांत राहतो. लॉर्डसाहेबांबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. चांगलं सांगायला बसले, की पिशवी सावरत बसथांब्याकडे चाललेल्या हेलनबाई दिसतात.