साखर एकशे अडतीस

"साखर नॉर्मल दिसली म्हणूनच तुम्ही फसलात," डोंबिवलीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "यांच्या रक्तात ॲसिड वाढलंय. वाचतील की नाही, आत्ता सांगता येत नाही."

आजाराचं नाव युग्लायसेमिक किटोॲसिडोसिस. पोटात भात-पोळी नसली की शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून निघणारं किटोन नावाचं आम्ल रक्तात साठतं आणि बोट टोचून पाहिलेली साखर मात्र शहाण्यासारखी राहते. आमच्या ह्यांची एकशे अडतीस होती. तो आकडा मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलासुद्धा होता.

चार महिन्यांपूर्वी मीच ह्यांना लो-कार्बवर घातलं. पोळी, भात, बटाटा बंद. अंडी, पनीर, लोणी, तूप मनसोक्त. वजन उतरलं आणि बिल्डिंगमध्ये माझा भाव वाढला. नौपाड्याला नणंदेकडे जेवायला गेलो, तेव्हा तिने वाढलेला वरणभात मी सगळ्यांदेखत ह्यांच्या ताटातून काढून घेतला. हे उरलेली कोशिंबीर खात राहिले. मला वाटलं, पटलं असेल.

ह्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना मी या आहाराचा पत्ता लागू दिला नाही. ते नको म्हणतील, हे मला ठाऊक होतं. ह्यांची गोळी एसजीएलटी-टू प्रकारची, म्हणजे साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी. या आहारासोबत ती घातक ठरू शकते, हे नंतर कळलं.

मग संकष्टी आली. साबुदाणा, वरी, बटाटा उपासाला चालतात, पण मला चालत नव्हते. अंडी उपासाला चालत नाहीत. उरली तूप घातलेली काळी कॉफी. दुपारी हे म्हणाले, "अगं, थोडी वरी तरी दे. गरगरतंय."

"नाटकं करू नका," मी म्हटलं. गोळी मात्र आठवणीने दिली.

चंद्रोदयानंतर वाढलेलं पनीर त्यांनी बाजूला सारलं. सकाळी उलट्या, पोटात कळा, धाप. मी बोट टोचलं, एकशे अडतीस. पित्त असेल म्हणून मी दुपारपर्यंत लिंबू-मीठ पाजत राहिले. चार वाजता हे बाथरूमच्या दारात कोसळले.

आयसीयूत तीन दिवस. इन्सुलिनबरोबर ग्लुकोजची बाटली, म्हणजे जिचा मी इतके दिवस दुस्वास केला ती साखरच. नणंद माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायची.

तुम्ही घरात कुणाला असा आहार लावणार असाल, तर आधी त्याच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. उलट्या आणि धाप लागली, तर साखरेच्या आकड्यावर विसंबू नका, किटोन तपासून घ्या. आणि माझ्यासारखा माज करू नका.

डिस्चार्जच्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी नवा तक्ता माझ्यापुढे धरला. ह्यांनी हात लांब करून तो घेतला.

"मी ताईकडे राहणार आहे," ते त्या बाईंना म्हणाले. "हिला मी नको होतो, माझं वजन हवं होतं."

त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी माझा नवरा वाचवला. तो घरी आला नाही, यात त्यांचा काही दोष नाही.