आचाऱ्याच्या नाकाची तपासणी

“पार्किन्सन्स आहे,” नांदेडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथेच उडाला. कारण त्याच दमात त्यांनी असंही सांगितलं की माझ्या नवऱ्याला वास येत नाही.

आमचे हे शिरड शहापूरचे आचारी. लग्न असो की भीमजयंतीचं जेवण, मोठी कढई यांचीच. तेलाचा नुसता वास घेऊन डबा जुना की नवा ते सांगणारा माणूस. त्याला म्हणे वास येत नाही.

उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं, झारा हलवून शीण आला असेल. मग चाल मंदावली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. तिथे हात तपासला, चालायला लावलं आणि शेवटी वास भरलेल्या पेनासारख्या कांड्या एकेक करून नाकाखाली धरल्या. कॉफी, अननस, पुदिना. आमच्या घरात कॉफी कधी उकळली? यांची बहुतेक उत्तरं चुकली. मला तर ती सगळी तपासणीच चुकीची वाटली.

मॅडमनी समजावलं. हायपॉस्मिया, म्हणजे वास कमी येणं. “पुष्कळ रुग्णांना हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून वास येईनासा होतो. आजार लवकर ओळखता यावा म्हणून यावर संशोधन चालू आहे. मानेच्या कातडीचा बारीकसा तुकडा दिलात तर त्यात एक बिघडलेलं प्रथिन सापडतं का ते पाहू. नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत.”

संशोधन हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. गरीब माणूस दिसला की घेतला तुकडा, असंच मला वाटलं. लेव्होडोपाच्या गोळ्या दिल्या होत्या. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन कमी पडतं, ते या भरून काढतात. त्या मी कपाटात टाकल्या आणि यांना घेऊ दिल्या नाहीत. तो थरथरता हात रोज उकळत्या तेलावर असायचा, तरीही.

मग ठरवलं, आपणच तपासायचं, आपल्या वासांनी. यांना ओट्यापाशी बसवून डोळे मिटायला लावले आणि एकेक वाटी नाकाखाली धरली.

“लसूण,” हे म्हणाले. बरोबर.

“मेथी.” तीही बरोबर. मी मनात म्हटलं, आता जाते नांदेडला आणि दाखवते मॅडमना.

पण माझा स्वभाव मेला असा, की मला माझ्या आनंदाचाही संशय येतो. लसूण मी यांच्यासमोरच ठेचला होता. मेथी सकाळी यांनीच बाजारातून आणली होती. मी एक वाटी धुऊन, पुसून, रिकामीच पुढे धरली.

यांनी लांब श्वास ओढला. “जिरं,” म्हणाले.

मी वाटी तशीच धरून ठेवली. थोड्या वेळाने यांनी डोळे उघडले, वाटीत पाहिलं आणि मान खाली घातली.

“कवापासून?” मी विचारलं.

“लई झालं. हात कापायच्या बी आधीपासून.”

“मंग सांगितलं काहून न्हाई?”

“वास न येणाऱ्या आचाऱ्याला कोन बोलावनार? अंदाजानं करून राहिलो.”

मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा, ते आजही नीट सांगता येत नाही. जेवण झाल्यावर पहिली गोळी मीच हातावर ठेवली.

ज्यांच्या घरी हे येईल त्यांना सांगते, शंका जरूर घ्या. मीही पुढच्या खेपेला मॅडमना खोदून खोदून विचारलं, तुकडा कुठे ठेवणार, यांचं नाव कोणाकोणाला कळणार. सगळं ऐकून यांनी सही केली. मॅडम एकदाही चिडल्या नाहीत, याबद्दल त्यांचे आभार मानते. पण माझ्या शंकेपायी यांच्या गोळ्या थांबल्या, तसं तुम्ही करू नका.

आजार जाणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. हात मात्र पुष्कळ स्थिरावला आहे. तळण आता दुसरे करतात आणि स्वयंपाकाला मीही सोबत जाते. परवा सेनगावला लग्न होतं. फोडणी टाकली आणि सगळ्या माणसांसमोर यांनी मला हाक मारली.

“बघ बरं, मला वास येत न्हाई. जळाली का?”

मी कढईवर वाकले. “व्हय, जळाली.”

यांनी कढई उतरवायला लावली आणि दुसरी चढवली.