दोनशे चार नंबरच्या खोलीतला वारा

नमस्कार मंडळी. इथले भुताखेतांचे अनुभव मी चवीने वाचते आणि वाचून झाल्यावर खुशाल हसते, हे आधीच कबूल करते. पांढरी साडी, मागे वळून बघू नका, पैंजणांचा आवाज… काहीतरीच! साताऱ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. माझा विश्वास आधीही नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरीसुद्धा लिहायला बसले आहे, कारण एक हिशेब जुळत नाही आणि मला न जुळलेलं डोक्यात ठेवून झोप येत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझे वडील — अप्पा — मूळचे तंजावूरचे. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आपली मराठी घरं आहेत, त्यांतलं एक त्यांचं. त्यांची आई ते लहान असतानाच गेली, त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या अक्काआत्याने. अप्पा सहा वर्षांचे असताना गोवराच्या तापाने फणफणले होते, तेव्हा ती दिवसरात्र उशाशी बसून ताडाच्या पंख्याने वारा घालत होती. त्या पंख्याला तिकडे विसिरी म्हणतात. ही गोष्ट अप्पांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की आम्ही भावंडं तोंडपाठ म्हणून दाखवायचो.

पुढे नोकरीसाठी अप्पा महाराष्ट्रात आले. अक्काआत्या वारली तेव्हा तार उशिरा पोचली, आणि ते जाऊ शकले नाहीत. गेलेल्या माणसाच्या नावाने अक्षय्य तृतीयेला पाण्याचा कुंभ आणि पंखा दान देतात. "एकदां तरी तिच्या घरीं, माझ्या हातानें," असं म्हणत म्हणत वर्षं गेली. आणि मग त्या फेब्रुवारीत अप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. जरा शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय? "विसिरी द्यायची राहिली."

डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, पण उकाड्यात अजिबात ठेवू नका. दुसरा झटका झेपायचा नाही. माझा भाऊ तर भडकलाच. "वैशाखात तंजावूर? मालू, तुला वेड लागलंय. अप्पांना काही झालं तर तुझ्या डोक्यावर!" मी म्हटलं, असू दे माझ्या डोक्यावर. अप्पांना मी नेणार, म्हणजे नेणारच.

अक्काआत्याच्या घरी तिचा मुलगा वेंकोबाअण्णा आणि वहिनी राहायचे. पण तिथे एसी नाही. म्हणून मी एका नव्याकोऱ्या हॉटेलात खोली घेतली, सगळ्यात वरच्या मजल्यावर, नंबर दोनशे चार. वर थेट गच्ची. तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी पोचलो. भिंतीवर थर्मोस्टॅटचा एक पांढरा डबा होता, त्यात बारीक लाल दिवा. खोली छान गार झाली, अप्पांचा डोळा लागला, मी पुस्तक उघडलं… आणि टिक! एसी बंद.

मी उठले, तसा दिवा लागला, एसी सुरू. बसले. दहा मिनिटांनी पुन्हा टिक!

मॅनेजर अभिमानाने इंग्रजीत सांगू लागला. "मॅडम, लेटेस्ट टेक्नॉलॉजी! सिंगापूरहून आणलंय. खोलीत हालचाल दिसली नाही तर मशीन समजतं, खोली रिकामी आहे. वीज वाचते."

"आणि माझे वडील? ते रिकामी खोली आहेत का?"

बिचारा वरमला. पण सगळ्या खोल्यांत तेच मशीन. डबा सीलबंद, उघडायला मद्रासहून कंपनीचा माणूस यावा लागतो. मी चिडून वर आले. फिरत्या पंख्याखाली टॉवेल टांगला, तो नाचत राहिला, एसी बंदच. अर्थात! असलं यंत्र नुसती हालचाल बघत नाही, अंगाची ऊब हलली तरच त्याला कळतं. टॉवेलला कुठली ऊब? मग काय, दर दहा मिनिटांनी उठून हात हलवायचे. एकदा मुद्दाम थांबून पाहिलं तर अर्ध्या तासात खोलीचा तवा झाला आणि अप्पांचा श्वास फुलला. पुन्हा काही तो प्रयोग केला नाही. झोपताना गजर लावून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. अण्णाने हॉटेलवर फोन करून सांगितलं, दान घरीच व्हायला हवं, ऊन उतरलं की अप्पांना घेऊन ये. तोवर सामान बघायला तू एकटी ये. आमच्या मजल्यावर पुष्पम नावाची झाडलोट करणारी बाई होती, चाळिशीची, भली. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी तिला सांगितलं, तासभर अप्पांजवळ बस आणि मधूनमधून हात हलव. तिने हसत तीनदा हात हलवून दाखवला. साडेअकराला मी निघाले.

वाटेत विसिऱ्या घेतल्या. विकणारी म्हणाली, जोडीच घ्यावी लागेल, म्हणून दोन. अण्णाकडे कुंभ, वाळा, फळं सगळं तयार होतं. मी लगेच उठले तर अण्णा दारात आडवा. "जेवल्याविण कशी जातीस? आज आईच्या घरास येऊन उपाशी जाणें म्हणजे काय!" वहिनीने तर पानच मांडलं होतं. तिकडे पानावर बसलं की सुटका नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी बसले. पुष्पम आहे की, असं मनाशी म्हटलं. आधी भात, मग आणखी भात, मग पायसम… उठले तेव्हा दीड वाजून गेला होता. वर रिक्षा मिळेना.

हॉटेलच्या दारात शिरले, तर… पुष्पम खालच्या हॉलमध्ये खुर्च्या पुसत होती!

"तू इथे काय करतेस?"

ती कावरीबावरी झाली. मी गेल्यावर दहाच मिनिटांत मॅनेजरने तिला खाली बोलावलं होतं. लग्नाची पार्टी आलेली. तिने खोलीला कुलूप लावून किल्ली काउंटरवर दिली. वर दुसरं कुणीही गेलं नाही, किल्ली हुकावरच होती. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. म्हणजे वैशाखातल्या भर दुपारी, गच्चीखालच्या बंद खोलीत, अप्पा अडीच तास एकटे.

लिफ्टची वाट न बघता मी जिना चढले. मनात एकच — आपण पायसम खात बसलो. भाऊ म्हणाला होता ते खरं झालं. हुकावरून उचलून आणलेली किल्ली मी कुलपात घातली.

दार उघडलं आणि गार हवेचा झोत अंगावर आला.

आता नीट वाचा. दारातून आत आलं की आधी कपाटाचा बोळ लागतो. तिथे उभं राहिलेलं माणूस त्या यंत्राला दिसत नाही, हे मी आदल्या दिवशीच तपासलं होतं. पण तिथल्या आरशात मला पलंगही दिसत होता आणि डबाही. अप्पा उताणे, शांत झोपलेले, दोन्ही हात चादरीखाली. कपाळ कोरडं. आणि डब्यावरचा लाल दिवा लागत होता, विझत होता. लाग… विझ. लाग… विझ. एका संथ लयीत. तो दिवा हालचाल दिसली की एकदा लागतो. म्हणजे अप्पांच्या उशाशी काहीतरी हलत होतं, सारखं, एका चालीत, आणि त्याला ऊब होती.

भीती वाटली का? नाही वाटली. मला रडू येत होतं. शेवटी मी हलक्या आवाजात म्हटलं, "मी आलेय." दिवा एकदा लागला, विझला, आणि पुन्हा लागला तो मी पाऊल पुढे टाकलं तेव्हाच.

अप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून जड जिभेने म्हणाले, "अक्का होती. विसिरीनें वारा घालत होती. हात दुखला असेल तिचा."

संध्याकाळी अण्णाच्या घरी दान झालं. आमच्याकडची रीत अशी, की पंखा नुसता हातात ठेवायचा नाही. घेणाऱ्याला आधी तीनदा वारा घालायचा, आणि तोही उजव्या हाताने. अप्पांचा उजवा हात म्हणजे लाकूड. मी त्यांच्या बोटांत विसिरीची दांडी बसवली, वरून माझी मूठ आवळली, आणि दोघांनी मिळून त्या म्हाताऱ्या भटजींना वारा घातला. एक, दोन, तीन. अप्पा लहान मुलासारखे रडले. अण्णा पण, मी पण.

खोलीवर परत आलो. दहा मिनिटं झाली आणि टिक! एसी बंद. मी वैतागून हात हलवायला उठले, तर अप्पा म्हणाले, "असूं दे. दमली ती. आतां तूं घाल." जोडीतली दुसरी विसिरी पिशवीत होतीच. ती घेऊन उशाशी बसले आणि वारा घालू लागले. पहिल्याच हेलकाव्याला दिवा लागला, एसी सुरू झाला. मग डब्याकडे पाहिलं. लाग… विझ. लाग… विझ. तीच लय.

पुढचे दोन दिवस मी त्या खोलीचा पिच्छा पुरवला. अप्पांना अण्णाबरोबर गार हॉलमध्ये बसवायचं, खोली रिकामी ठेवून कुलूप लावायचं आणि बाहेर घड्याळ घेऊन बसायचं. पडदे हलते ठेवले. उकळत्या पाण्याची बादली ठेवली. उन्हाची तिरीप आत येऊ दिली. दर वेळी ठरल्या मिनिटाला टिक, बंद. पुष्पम बिचारी माझ्या शेजारी बसून कान लावायची. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी लूज कॉन्टॅक्ट असेल." मी म्हटलं, मग आज का नाही? तो रजिस्टर उघडून बसला. नंतर मी असलाच एक सेन्सर विकत आणून कॉलेजच्या लॅबमध्ये जोडला, वर्षानुवर्षं तपासला, मुलांनाही कामाला लावलं. रिकाम्या खोलीत त्या लयीत त्याचा दिवा मी एकदाही लावू शकले नाही. अजून शोधतेच आहे. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मात्र "भास झाला" म्हणू नका. अडीच तास एसी चालल्याचा भास होत नाही, आणि अप्पा जिवंत होते हाही भास नव्हता.

दर अक्षय्य तृतीयेला मी पंखा देते, आधी तीनदा वारा घालून. पहिली दोन वर्षं एकच द्यायचे, अप्पा शेजारी खुर्चीत बसून मोजायचे. आता दोन देते. एक अक्काआत्याच्या नावाने, एक अप्पांच्या.