चाळीस ऐकणारे

शीळफाट्याजवळच्या आमच्या गावात लग्न ठरलं की पूर्वी आवडाबाईंना बोलावणं जायचंच. त्या धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणाऱ्या. हळदीपासून अक्षतांपर्यंतचे विधी त्यांच्या गाण्यावर पुढे सरकायचे. आता हॉलवाल्याला वेळ गाठायची असते आणि पोरांना डीजे हवा असतो. बोलावणी थांबली, तशा आवडाबाई बोलेनाशाच झाल्या.

त्यांचा भाचा प्रफुल्ल डोंबिवलीत वेबसाइट बनवतो. माणूस भला, पण भलेपणातही त्याला घाई. मावशीसाठी त्याने साइट काढली. दर मंगळवारी संध्याकाळी धवले थेट, आणि पानाच्या कोपऱ्यात, मावशीलाही दिसेल असा, ‘आत्ता ऐकणारे’ हा आकडा. ज्याच्या फोनवर पान उघडं असेल, तो फोन थोड्या थोड्या वेळाने साइटला ‘मी आहे’ असं कळवतो. त्यांची मोजणी केली की झाला आकडा. पहिल्या मंगळवारी तीन जण आले. मावशीचा चेहरा पडायला नको म्हणून प्रफुल्लने त्यात गुपचूप चाळीस मिळवले.

मावशी खुलल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, अबोली माळून बसू लागल्या. पण त्यांचा एक जुना नेम होता. समोर माणसं बसलेली असताना आपण उठायचं नाही. आणि ही चाळीस माणसं काही केल्या उठेनात.

मावशी जेवणवेळ टळून गेली तरी गात राहायच्या. घसा पार बसला. डॉक्टरने बोलायचंसुद्धा नाही म्हणून बजावलं.

“मावशी, पुरे कर ना आता,” प्रफुल्लने विनवलं.

“आरं, येवरी मानसं बसलीत. मी उठू कशी?”

प्रफुल्लला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. पुढच्या मंगळवारी मावशीच्याच घरी बाहेरच्या खोलीत बसून त्याने ते चाळीस काढून टाकले. आकडा एकावर आला.

मावशी थांबल्या. सुटली, असं प्रफुल्लला वाटलं.

“यक हाय अजून,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि फुटक्या आवाजात पुन्हा सुरू झाल्या.

मग मात्र त्याला राहवेना. आत जाऊन तो त्यांच्या पायाशी बसला. “मावशी, तो एक मीच आहे गं. चाळीस कधी नव्हतेच. मीच टाकलेले.”

आवडाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“तू तरी आयकत व्हतास ना रं?”

प्रफुल्लने होकारार्थी मान हलवली. आकडा बघण्यासाठी उघडलेला फोन त्याच्या हातातच होता. पहिल्या मंगळवारपासून, डोंबिवलीत असतानाही, त्याने त्याचा आवाज बंद ठेवला होता.