दाबून न जाणारे डाग

मी देवीवर रागावले आहे, हे आधीच सांगते. आणि तरी हे तिच्याच कृपेचं सांगणं आहे. माझी लहानगी चिंगी तापानं फणफणली, अंगावर लाल पुरळ उठला, तशी सासूबाईंनी दाराला लिंबाचा डहाळा टांगला. "आई आल्यात. सुई-गोळी केली तर कोपतील." आमच्या राणीसावरगावात अजून कितीतरी घरांत असंच चालतं. घरात फोडणी बंद, दवाखाना बंद. डॉक्टरकडं नेऊ म्हटलं तर, "तूच लय शानी झालीस का?" नवरा मूग गिळून बसलेला. ही कसली मेली आई, लेकराला असं भाजून काढते, असं मला वाटायचं.

पोरगी डोळे उघडेना, तेव्हा सासूबाई आम्हाला देवीच्या ठाण्यावर घेऊन गेल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवायला. चिंगीला मांडीवर घेऊन मी बसले. मनात प्रार्थना कसली, भांडणच चाललं होतं. शेजारी एक अनोळखी बाई ओटी भरत होत्या. त्यांनी पोरीचे हातपाय चाचपले. गार लागले. मग तिच्या मांडीवरचा एक डाग बोटानं दाबून बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, ही देवी न्हाई. कांजिण्या असत्या तर फोडांत पाणी भरलं असतं. गोवरात डोळे लाल व्हतात, खोकला येतो. हे डाग दाबले तरी जाईनात. कातडीखाली रक्त उतरायलंय. ऊठ, दवाखाना गाठ!"

सासूबाई कडाडल्या, "तुला गं काय कळतंय?"

"माझी लेक अशीच गेली, आजी. लिंबाच्या पाल्यावर निजवली व्हती आमी. ह्या डागांचं डॉक्टरनं मागून सांगितलं."

सासूबाई बाजूला सरल्या. त्या बाईंनीच रस्त्यावर जीप थांबवली, गंगाखेडपर्यंत सोबत आल्या. तिथून आम्हाला परभणीला धाडलं. रक्तात जंतू पसरले होते, अजून उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. चिंगी वाचली. धावपळीत बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

लोक म्हणतात, देवीच त्या रूपात आली. आली असेल, मी कोण नाही म्हणणार? मी ठाण्यावर जाते, डोकं टेकते. शरण जाणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, तिनं धाडलेल्या माणसाचं ऐकणं, एवढं मला कळलं. पण उपकार मानताना मनातलं भांडणही सुरूच राहतं. आई, माझ्या लेकीसाठी तू त्या बाईला धाडलंस. तिच्या लेकीसाठी का गं कुणाला धाडलं नाहीस?