सासूबाईंची रक्तगटाची वही

एकोणचाळिसाव्या वर्षी माझ्या पोटात दोन भाडेकरू होते: एक बाळ आणि एक गुंता. गुंता आधीचा. पूर्वी एकदा गर्भपातानंतर पिशवी साफ करावी लागली होती, त्या जागी धमन्या आणि शिरा एकमेकींना थेट जोडल्या गेल्या होत्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिथे लाल-निळ्या रंगांची होळी चाललेली.

"आवाजही येतो का याचा?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकवला. शेतातला पंप सुरू व्हावा तसा. मला मजा वाटली, त्यांना नाही.

"हे फुटलं तर रक्त थांबवणं कठीण, दीदी. थेंब दिसला तरी थेट इथं यायचं. सिझेरियन ठरवून करू. तुमचा गट बी निगेटिव्ह, सहज मिळत नाही. देणारा आधीच शोधून ठेवा."

हे ऐकून सासूबाईंनी सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरवलं. झोपाळा रद्द. मी फुलांचे दागिने घालून पलंगावर, आणि त्या वही घेऊन दाराशी, येणाऱ्या प्रत्येकीला अडवत.

"ओटी मागून भरजो. पहिले रक्तगट सांग."

"मले नाही माहीत, मावशी."

"काहून? रास पाठ आहे, नाडी पाठ आहे, अन् हे नाही?"

वही भरत गेली. बी पॉझिटिव्ह, ओ पॉझिटिव्ह, पुन्हा बी पॉझिटिव्ह. प्रत्येक पाहुणीच्या उत्तराला मी पलंगावरून कान टवकारत होते. शेवटचीही पॉझिटिव्हच निघाली तेव्हा माझा हात पोटावर गेला.

इतक्यात पंडरीच्या कापडबाजारातला साडीवाला ओटीची साडी बदलून द्यायला आला.

"भैया, खून कौनसा?"

"बी निगेटिव, माताजी. क्यों?"

सासूबाईंनी त्याला हात धरून पाटावर बसवलं. चौथ्या पुरणपोळीला तो म्हणाला, "माताजी, इतना तो ससुराल में भी नहीं खिलाया."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो रक्त देऊन गेला. दुसऱ्या दिवशी पोट्टी बाहेर आली आणि गुंत्यानं आपला प्रयोग सुरू केला. साडीवाल्याच्या रक्ताची पिशवी चढली, रक्तपेढीतली आणखी एक चढली, डॉक्टरांनी रक्तवाहिन्या बांधल्या. मी वाचले, गर्भाशयही वाचलं.

आता दुकानात गेलं की तो विचारतो, "दीदी, मेरा खून कैसा चल रहा है?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई मला कोपर मारतात. "दुकानदाराचं रक्त आहे तुझ्यात. आता तरी भाव कर."