कमरेची सुपारी

कॉलेजात समाजशास्त्राच्या सरांनी आम्हाला एका जुन्या भारतीय अभ्यासकाचे विचार शिकवले होते. परंपरा म्हणजे खुंटा नव्हे, असं त्या अभ्यासकाचं म्हणणं. बदलायची सोय तिच्यातच असते. माणसं आपल्या अनुभवाच्या जोरावर ती सोय वापरतात. सुट्या, एकट्या ‘व्यक्ती’ऐवजी समाजात राहून घडणाऱ्या, स्वतः ठरवणाऱ्या माणसाला ते ‘पुरुष’ म्हणत. मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग पोरींनी हा धडा ऑप्शनला टाकायचा का?" सगळा वर्ग हसला. मला भयंकर राग आला, आणि तो राग मी आंदणासारखा सासरी घेऊन आले.

सासर चौसाळ्याच्या अलीकडचं. त्या साली पाऊस झालाच नाही. बैल आणि भाकड जनावरं घेऊन गावातले बहुतेक बाप्ये केजकडच्या चारा छावणीवर राहायला गेले. दुभती म्हैस घरी, म्हणजे माझ्या गळ्यात. धार मी काढायची, दूध सोसायटीच्या केंद्रावर मी घालायचं. सभासद मात्र नवरा. अशात चेअरमननं सभा लावली. दूध कमी येतंय, गावातलं केंद्र बंद करू, ज्याला घालायचंय त्यानं चौसाळ्याला नेऊन घालावं. रोज दोनदा किटली घेऊन तेवढं चालायचं कुणी? केंद्र गेलं की म्हैस बाजारात जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी सासूबाईंना म्हटलं, "बटव्यातली एक सुपारी द्या. मालकांच्या जागी कमरेला खोचते अन् सभेला जाते."

आमच्याकडे बायको हजर नसली की नवरा तिच्या जागी सुपारी खोचून पूजेला बसतो. उलटं कुणी केलेलं नव्हतं. सासूबाईंनी बटवा उघडला. "लई आगाव हायेस," म्हणाल्या, आणि चांगली टपोरी बघून सुपारी दिली.

चावडीत पाय ठेवताच चेअरमन म्हणाला, "घरात पुरुष न्हाई का कुणी? तुमी काहून आलात?"

मी सुपारी काढून दाखवली. "हायेत की. हे बघा, छावणीवरनं आलेत."

सगळे हसले. चेअरमन तडकला, "सोसायटीत सुपारी चालत न्हाई!"

"केंद्र उघडलं तवा सत्यनारायणाला तुमीच बसलता ना, भाऊजी? जाऊबाई माहेरी गेलत्या. कमरेला काय व्हतं? देवाला चालती अन् सोसायटीला न्हाई?"

पुन्हा हशा झाला. या वेळी मीही हसले. दारात घुटमळणाऱ्या बायका शेजारच्या दुकानातून सुपाऱ्या आणून, कमरेला खोचून एकेक करत आत आल्या. दुकानातल्या सुपाऱ्या संपल्या तेव्हा एकीनं हळकुंड खोचलं. मताला हात वर झाले, सुपारीवाल्यांचेही मोजले गेले आणि केंद्र राहिलं.

शिकलेले लोक अजून मला ऐकवतात की हक्कासाठी सुपारी खोचणं हा मागासपणा. म्हणोत बापडे. त्यांच्या आधुनिकतेनं माझी म्हैस राखली नसती. परंपरा काही चेअरमनला आंदण दिलेली नव्हती. ती माझीही होती, आणि मी ती वापरली.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी भांडून माझ्या नावानं सभासद झाले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी देव्हाऱ्यात जपून ठेवलेली ती सुपारी काढली, अडकित्त्यात धरून कातरली आणि अर्धी माझ्यापुढं केली.

"घे, खा," त्या म्हणाल्या. "आता हिचं काय काम?"